बदलून राहिलो

मला मदत केली ती वस्तादांनी. हे आधीच लिहून टाकतो. गोष्ट सांगायला लागलो की मी घाबरतो, घाबरलो की भलतीकडंच वळतो, आणि ज्याचं नाव पहिल्यांदा घ्यायचं तो माणूस मागं पडतो.

नाव तरी काय, वस्ताद एवढंच. मांजरसुंब्याच्या चौकात त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. तुम्ही तिथल्या एखाद्या ढाब्यावर चहाला थांबला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. शर्ट ग्रीसनं काळा, पायजमा काळा, हात कोपरापर्यंत काळे, आणि डोक्यावरची टोपी मात्र आत्ताच परटाकडून आणल्यासारखी पांढरी. कुठल्या गाडीनं चावी मारल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबायचं. मनगटाच्या मागच्या बाजूनं टोपी उजव्या कानावरून वर सरकवायचे, डोळे मिटायचे आणि विचारायचे, "बसलं, का नुस्तं लागलं?"

हा प्रश्न सेल्फसाठी होता. वस्ताद सेल्फ दुरुस्त करायचे. चावी फिरवल्यावर इंजिनाला पहिला धक्का देते ती मोटर म्हणजे सेल्फ. तिच्या तोंडाशी एक लहान दातेरी चाक असतं. ते पुढं सरकून इंजिनाच्या मोठ्या दातेरी रिंगमध्ये शिरतं, रिंग फिरवतं आणि गाडी सुरू झाली की मागं येतं. दात्यात दाता पुरता गेला, तर बसलं. टोकाला टोक घासलं, तर नुसतं लागलं. पंचाईत अशी की नुसत्या लागलेल्या सेल्फनंही गाडी सुरू होते. आज होते, उद्याही होते, आणि मग एक दिवस भर रस्त्यात रिंगचे दाते झडलेले असतात.

पण वस्ताद हा प्रश्न कशालाही लावायचे. चहावाल्याच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हाही त्यांनी तेच विचारलं.

"वस्ताद, साखरपुडा झालाय, आज तरी चांगलं बोला की," चहावाला वैतागला.

"मंग लागलंय म्हन. बसाया टाइम लागतो. आमचं बसाया दोन पोरं व्हावी लागली."

मी भंडारा जिल्ह्यातला. वडील गेले तेव्हा आठवीत होतो, तिथंच शाळा सुटली. गिअरबॉक्सचं काम नागपुरात शिकलो. मांजरसुंब्याच्या एका गॅरेजवाल्याला गिअरबॉक्सचा माणूस हवा होता, म्हणून बायको आणि मुलीला गावी ठेवून इतक्या लांब आलो. आमच्याकडं तळी आणि धानाची शेतं. इथं उघडे डोंगर, डोंगरावर पवनचक्क्या आणि जेवणात रोज ज्वारीची भाकरी. पहिले काही दिवस मी पवनचक्क्यांकडं बघत बसायचो. त्या फिरत होत्या म्हणून बरं वाटायचं.

वस्तादांचं दुकान आमच्या गॅरेजला लागूनच होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कुठला बे तू?"

"भंडाऱ्याचा."

"भंडारा? आमच्यात तो कपाळाला लावत्यात." त्यांचं घराणं मेंढपाळांचं, देवाची हळद म्हणजे भंडारा. त्यांनी समोरच्या चहावाल्याला ओरडून सांगितलं, "ए, आपल्या चौकात देव आलाय भंडारा घिऊन! च्या आन!" तेव्हापासून मी भंडाऱ्या.

दुसरी थट्टा माझ्या बोलण्याची. आमच्याकडं एखादं काम चालू असलं की 'करून राहिलो' म्हणतात. मालक विचारायचे, "क्लच काढला का?" मी म्हणायचो, "काढून राहिलो." शेजारून वस्तादांचा आवाज यायचा, "ऱ्हाऊ नको बे, काढ!" रविवारी माझी मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, तुम्ही घरी कधी येऊन राहिले?" वस्ताद कान देऊन ऐकत असायचे. "ती बी राहिलीच का," म्हणायचे आणि मग हळूच, "तिला म्हनाव, बाबा येतो."

वस्तादांना आपल्या कानाचा फार तोरा होता. लहानपणी मेंढरांमागं हिंडले होते. अंधारात नुसत्या खोकण्यावरून मेंढरू ओळखायचो, असं सांगायचे. सेल्फचंही तसंच. एकदा एक ट्रक सुरू होता होईना. वस्तादांनी टोपी सरकवली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "कार्बन संपलं." कार्बन म्हणजे मोटरला आतून करंट देणारे झिजते तुकडे. सगळा सेल्फ उतरवून खोलला तर कार्बन कोरे. बॅटरीची वायर ढिली होती, एवढंच. ड्रायव्हर पोट धरून हसला. वस्तादांनी वायर आवळली, हात पुसले आणि गंभीरपणे म्हणाले, "बॅटरीनं कार्बनचा आवाज काढला. लई नकलाकार बॅटरी हाय."

त्यांच्या घरून काकूंचा डबा यायचा. मी भातावर वाढलेला माणूस आहे हे त्यांनी काकूंना कधीतरी सांगितलं असावं. दर आठवड्याला एकदा डब्यात भाकरीच्या खाली भाताचा गोळा असायचा. वस्ताद तो माझ्याकडं सरकवायचे. "मला भातानं झोप येती. खा तू."

आता ती गाडी.

उमापूरकडचे एक अण्णा होते. पुष्कळ जमीन, राजकारणात मुरलेले. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी हौसेनं एक लांबलचक विलायती गाडी घेतली होती. तिचे गिअर आपोआप पडायचे, म्हणून सगळा गाव तिला 'बिनगेरची' म्हणायचा. तिचा गिअरबॉक्स गेला. पार्ट मिळेनात, दुरुस्त करणारा मिळेना. गाडी गोठ्याशेजारी उभी राहिली आणि कोंबड्या तिच्या मागच्या सीटवर अंडी घालू लागल्या. वडील आता फार थकले होते. येत्या अक्षय तृतीयेला त्या गाडीत बसून सगळ्या शेताला एक चक्कर मारायची, एवढंच ते धरून बसले होते. नातवाची नवी गाडी दारात होती, पण तिच्यात बसायचे नाहीत. म्हणायचे, "ती तुमची. माजी गाडी आना."

मी मालकांना म्हणालो, जुना गिअरबॉक्स विसरा, हातानं गिअर टाकायचा बसवू. मालकांनी माझ्याकडं नीट बघितलं. "जमेल का? हे काम निघालं तर तू इथला पक्का. गॅरेजवरची खोली तुला. बायको-पोरीला घेऊन ये. फसलं तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल."

मुलगी जूनमध्ये पहिलीत जायची होती. ती इथल्या शाळेत जाणार की तिकडच्या, हे त्या गाडीवर ठरणार होतं. त्या दिवसांत मला नीट जेवण जात नव्हतं.

गिअरबॉक्स मिळाला. क्लचचं पायडल बसवलं. क्लच आला की इंजिनाच्या मागं पातळ तबकडीच्या जागी जड चाक, म्हणजे फ्लायव्हील येतं, आणि त्याच्यावर कधी जुनीच रिंग चढते, कधी बदलावी लागते. आम्हाला मिळालेली रिंग जुनीपेक्षा नखभर बुटकी होती. जुन्या सेल्फचे बोल्ट नव्या गिअरबॉक्सच्या भोकांवर येईनात, म्हणून सेल्फही दुसरा शोधायचा होता. ते काम वस्तादांनी अंगावर घेतलं. बोल्टच्या भोकांचा पुठ्ठा कापून घेतला आणि शहरातल्या भंगार बाजारात गेले. तिथून त्यांचा फोन आला. मी गाडीखाली पडलो होतो, नवं फ्लायव्हील चढवून बोल्ट आवळत होतो.

"भोकं जुळली," वस्ताद ओरडून बोलत होते, मागं कुठंतरी पत्रे ठोकत होते. "रिंगचं सांग. जुनीच हाय का बदलली?"

"बदलून राहिलो, वस्ताद."

"राहिली?"

"हाव, राहिलो ना!"

"बरं, ऱ्हाऊ दे मंग."

आणि फोन ठेवला. मी समजलो, वस्ताद म्हणतायत चालू ठेव. वस्ताद समजले, रिंग बदलायची राहिली, जुनीच आहे. त्यांनी जुन्या मोठ्या रिंगला जुळणारा सेल्फ उचलला. तुम्हाला हसू येईल. मलाही आता येतं.

सेल्फ गॅरेजात ठेवून वस्ताद केजकडं एका लग्नाला गेले. दुसऱ्या दिवशी मी तो चढवला. बोल्ट अगदी बरोबर बसले. चावी मारली. कर्र करून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज आला आणि एवढी वर्षं मुकी असलेली गाडी सुरू झाली. मी मालकांकडं बघितलं. मालक म्हणाले, "नवीन आहे, होईल हळूहळू मोकळं," आणि त्यांनी अण्णांना फोन लावला.

अण्णा दुपारी आले ते दोन जीपा भरून माणसं घेऊनच. कुणी गाडीला हार घातला, कुणी फोटो काढू लागलं. "मार चावी," मालक मला म्हणाले. मी मारली. कर्र. गाडी सुरू झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमकी तेव्हाच समोर केजची एस.टी. थांबली आणि वस्ताद लग्नातली कोरी टोपी सावरत खाली उतरले.

रस्ता ओलांडून ते गर्दीत शिरले. "पुन्ना मार," म्हणाले. मी बंद करून पुन्हा मारली. त्यांनी टोपी कानावरून सरकवली, डोळे मिटले. मग हात वर केला. "बंद कर बे. अण्णा, ही गाडी आज जानार न्हाई."

"कावून?" अण्णा म्हणाले. "चांगली सुरू तर झाली."

"सेल्फ लागतोय, बसत न्हाई. उद्या दाते झाडंल. तुमच्या वडलांना घिऊन शेताच्या मधी बंद पडली, तर?"

मालकांचा चेहरा उतरला. "वस्ताद, सेल्फ तुम्हीच आणलाय ना?"

वस्तादांनी ढाब्यावरून ज्वारीच्या मळलेल्या पिठाचा गोळा मागवला. गाडीखालचं झाकण मला काढायला लावलं आणि रिंगच्या दात्यांवर पीठ थापलं. मग सेल्फचं लहान चाक पेचकसानं पुढं ओढून पिठात टेकवलं आणि हातानं थोडं फिरवलं. गव्हाचं पीठ ताणतं, ज्वारीचं ताणत नाही, जसं दाबलं तसा ठसा ठेवतं. ते पीठ अलगद सोडवून त्यांनी अण्णांच्या हातावर ठेवलं. दात्यांचा खोल ठसा उमटायला हवा होता. तिथं नुसत्या कोंबडीनं टोचल्यासारख्या खुणा होत्या.

अण्णा पिठाकडं बघत राहिले. मालक माझ्याकडं वळले. "रिंग बदलली, हे तू वस्तादांना सांगितलं नव्हतंस?"

सांगितलं होतं म्हणावं तर दोष वस्तादांवर. नव्हतं म्हणावं तर खोली गेली, शाळा गेली, सगळंच गेलं. फोनवर काय बोलणं झालं ते आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. वस्ताद गप्प राहिले असते तरी चाललं असतं.

"त्यानं सांगितलंतं," वस्ताद म्हणाले. "बदलून राहिलो म्हनला. मी ऐकलं, बदलायची राहिली. त्याची बोली रोज ऐकतो, मला कळाया पायजे होती. चूक त्याची न्हाई, माजी हाय."

आधी कुणाला समजलं नाही. मग एकानं दुसऱ्याला समजावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि सगळी गर्दी खदखदून हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "वस्ताद, कान गेला का काय?"

"कान गेला आसंल," वस्ताद म्हणाले. "पर गाडी जानार न्हाई."

अण्णाही हसले, पण त्यांचं मन हातावरच्या पिठात होतं. "परवा अक्षय तृतीया हाय, वस्ताद."

"मंग उद्याचा दिस हाय की."

तो उद्याचा दिवस मी विसरणार नाही. वस्तादांच्या दुकानामागं जुन्या सेल्फांचा ढीग होता. त्यातून ते एकेक काढायचे, मी पुठ्ठ्यावर धरायचो. पहिला उलट्या दिशेनं फिरणारा निघाला. दुसऱ्याचं तोंड एवढं लांब की दाते रिंगच्या पलीकडं जाऊन आदळले असते. तिसऱ्याच्या अंगात दम होता, दाते बुटक्या रिंगला जुळत होते, पण तोंडाशी बोल्ट अडकवायचे कान वाकडे. मग वस्तादांनी एक मोडका सेल्फ घेतला, ज्याचे कान सरळ होते. त्याचं पुढचं तोंड काढून तिसऱ्याच्या अंगाला लावलं.

"सोयरीक जमवायची म्हंजे आशीच," ते म्हणाले. "तोंड एका घरचं, अंग दुसऱ्या घरचं. कुंडली बघाया पीठ आन."

पीठ थापलं, चाक ओढलं, फिरवलं. या वेळी ठसा खोल आला, काठ स्वच्छ. वस्तादांनी तो बोटानं चाचपला. चावी मारायची वेळ आली तेव्हा ते टोपी सरकवतील असं मला वाटलं. त्यांनी सरकवली नाही. चावी स्वतःच्या हातात घेतली आणि मला इंजिनापाशी उभं केलं.

"आता तू ऐक. मला सांग."

त्यांनी चावी मारली. खण् असा एकच आवाज आला आणि इंजिन चालू झालं.

"बसलं, का नुस्तं लागलं?"

हा प्रश्न त्यांनी मला शेकडो वेळा विचारला असेल, पण उत्तरासाठी थांबलेले पहिल्यांदाच पाहिले. माझ्याकडं एकटक बघत होते.

"बसलं," मी म्हणालो.

"नक्की?"

"हाव, वस्ताद. बसलं."

मग ते गाडीतून उतरले आणि चहावाल्याला म्हणाले, "च्या आन. आज ह्यानं ऐकलंय."

अक्षय तृतीयेला अण्णांनी फोटो पाठवला. वडील पुढच्या सीटवर, काच खाली, एक हात दारावर टाकलेला. मागं नांगरलेलं काळं रान. म्हातारा कॅमेऱ्याकडं बघत नव्हता, बांधाकडं बघत होता. मालकांनी तो फोटो गॅरेजात लावला आणि त्याच संध्याकाळी वरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. जूनमध्ये बायको आणि मुलगी आल्या. मुलगी इथल्या शाळेत जाऊ लागली. आता ती 'लई' म्हणते आणि माझ्या बोलण्याला हसते.

मला बरेच दिवस वाटायचं की वस्तादांनी माझ्यासाठी दोष अंगावर घेतला. ऐकायला काय, बरोबरच ऐकलं असेल, मला वाचवायला म्हणाले. ते तसं नव्हतं. त्यांचा कान खरंच जायला लागला होता. त्या ट्रकची गंमत झाली तेव्हाच सुरुवात झाली असेल, आम्ही हसण्यावारी नेलं. हे फक्त त्यांना एकट्यांना माहीत होतं. ज्या माणसाच्या दुकानाची पाटी म्हणजे त्याचा कान, त्यानं भर चौकात अण्णांच्या माणसांसमोर मी चुकीचं ऐकलं म्हणून सांगितलं. खोटं बोलून मला वाचवलं असतं तर ते सोपं होतं. त्यांनी खरं बोलून वाचवलं.

त्याची किंमतही त्यांनीच भरली. चौकात थट्टा पसरली. ड्रायव्हर मुद्दाम हळू बोलायचे आणि विचारायचे, "वस्ताद, आलं का ऐकू?" वस्ताद हसायचे. पण गाड्या हळूहळू पलीकडच्या नव्या दुकानाकडं वळू लागल्या. मी सेल्फचं काम त्यांच्याकडंच पाठवायचो, मालकांनीही कधी अडवलं नाही. तरी एक दिवस त्यांनी शटर ओढलं. ढीग भंगारात दिला. काकूंना घेऊन ते युसूफ वडगावला मुलीकडं राहायला गेले. त्यांच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मी मध्ये एकदा जाऊन आलो. वस्ताद अंगणात खाटेवर बसले होते. मुलगी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं बोलते, ते ओठांकडं बघतात. टोपी अजून तशीच पांढरी. मी कानाच्या यंत्राचा विषय काढला. मुलीनं ते ओरडून सांगितलं. वस्तादांनी हात झटकला.

"आयुष्यभर मी मशिनीला ऐकलं. आता मशीन मला ऐकवनार? नको बे."

मग बराच वेळ माझ्या मुलीची चौकशी केली. कितवीत गेली, भाकरी खाते का, हुशार आहे का. मी उत्तरं द्यायचो, त्यांची मुलगी ती त्यांच्या कानात ओतायची. मध्येच ते तिला म्हणाले, "तू कशाला वरडती, त्याचं मला कळतंय." आणि माझ्याकडं बघून मान हलवत राहिले. त्यांना कळत नव्हतं. मी माझ्या मुलीचं सांगणं कधीच संपवलं होतं, गावच्या घराचं काहीतरी बोलत होतो, आणि ते "शानी पोर हाय" म्हणत होते.

निघताना त्यांची मुलगी फाटकापर्यंत आली. तिथं मी तिला शब्द दिला आणि तोच इथं तुमच्यासमोर देतो. दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या मुलीला घेऊन युसूफ वडगावला जाणार. वस्ताद मला नाही म्हणतील, पण तिला नाही म्हणायची त्यांची हिंमत होणार नाही. मग त्यांना अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडं नेईन, आणि पहिल्या वेळी ते यंत्र काढून फेकतील तर दुसऱ्या वेळी नेईन, तिसऱ्या वेळीही नेईन. माझ्या पोरीचा आवाज त्यांना तिच्याच तोंडून ऐकू येईपर्यंत मी ही फेड सोडणार नाही.